गेममधल्या बंदुकीपेक्षा घड्याळाकडे पाहा

जानेवारी २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या फराक्क्यात १८ वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा खून झाला. त्याच्याबरोबर मोबाइलवर गेम खेळणाऱ्या चार मित्रांना पोलिसांनी पकडलं. गेमच्या पासवर्डवरून भांडण झालं होतं, असं तपासात पुढे आलं. ही बातमी वाचून कोलकात्यातल्या कितीतरी आईबापांच्या पोटात गोळा आला. त्याआधी जून २०१९ मध्ये आपल्याकडे भिवंडीत १५ वर्षांच्या मुलाने थोरल्या भावाचा जीव घेतला होता. भाऊ पबजी या मोबाइल गेमवरून रागावला, एवढंच निमित्त.

अशी बातमी आली की पालकांचा पहिला हात जातो तो मुलाच्या मोबाइलकडे. गणपतीच्या दिवसांत हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात मराठी कुटुंबं भेटतात, तिथेही आरती संपून प्रसाद हातात येईपर्यंत विषय यावरच येतो. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करणारे असोत, की विटा-आटपाडीकडून येऊन बडाबाजारात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा करणारे असोत, सगळ्यांचा प्रश्न एकच: दिवसभर गोळ्या झाडणारं मूल उद्या खरंच कुणावर हात उचलेल का?

या दोन्ही बातम्या पुन्हा एकदा नीट वाचा. गेममध्ये पाहिलेली मारामारी कुणी रस्त्यावर जाऊन करून पाहिली, असं दोन्हीकडे घडलेलं नाही. एकीकडे भांडण झालं ते गेमच्या खात्यावरून. दुसरीकडे खेळण्यावरून कुणीतरी रागावलं, तिथे ठिणगी पडली. म्हणून माझं म्हणणं असं आहे की मुलाच्या स्क्रीनवर किती माणसं मरतात यापेक्षा तो कधी खेळतो, कुणाबरोबर खेळतो, त्यात किती पैसा जातो आणि तुम्ही त्याला थांबवता कसं, या चार गोष्टींवर पालकांनी लक्ष ठेवायला हवं.

संशोधन काय म्हणतं ते थोडक्यात सांगते. २०१८ मध्ये २४ अभ्यास आणि १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून केलेलं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. हिंसक गेम खेळणाऱ्या मुलांमध्ये पुढे धक्काबुक्की, मारामारी थोडी वाढलेली त्यात दिसली. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या १,००४ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास मांडला. त्यात असा संबंध सापडला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली: ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाशी या गेमचा लहानसा संबंध आहे, पण खून, गोळीबार यांचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. पालकांनी यातून एवढंच घ्यावं की मूल खुनी होईल ही भीती मनातून काढून टाकावी, आणि मूल चिडचिडं होईल ही शक्यता मात्र गंभीरपणे घ्यावी.

हिंसा मुलांच्या जगात मोबाइलबरोबर आलेली नाही. बंगालमधल्या आया बाळांना झोपवताना आजही एक अंगाई म्हणतात, तिच्यात बर्गी येतात. हे बर्गी म्हणजे १७४० च्या दशकात बंगालवर चालून आलेले नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. त्यांच्या धास्तीने तेव्हाच्या कलकत्त्याभोवती खंदक खणला गेला होता, आणि इतिहासात त्याचं नाव 'मराठा डिच' असंच राहिलं. त्या अंगाईने पिढ्यान् पिढ्या बाळं शांत झोपली. दुर्गापूजेत मांडवाच्या मधोमध महिषासुराच्या छातीत त्रिशूळ रुतलेला असतो, आणि मांडवाबाहेर मुलं पिस्तुलाने टिकल्या फोडत हुंदडत असतात. आपल्याकडे दिवाळीत हेच चालतं. फरक असा, की अंगाई म्हणणारी आई जवळ असते, टिकल्यांची पुडी संपते, आणि अंधार पडला की मुलं घरी येतात. मोबाइलमधल्या लढाईची पुडी संपत नाही, आणि मूल दाराआड कुणाबरोबर लढतंय हे घरात कुणाला ठाऊक नसतं.

भांडणाचं मूळ स्क्रीनवरच्या रक्तात नसतं, याचा उत्तम दाखला पबजीनेच दिला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला, ज्याला मुलं बीजीएमआय म्हणतात. नव्या रूपात लाल रक्ताच्या जागी हिरवा रंग आला. 'मारलं'ऐवजी 'संपवलं' अशा अर्थाचा शब्द आला. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकाचा मोबाइल नंबर, दिवसाला तीन तास आणि ७,००० रुपये अशा मर्यादाही कंपनीने जाहीर केल्या. रक्त हिरवं झाल्यामुळे एखाद्या घरातलं भांडण मिटलं, असं मी तरी ऐकलेलं नाही. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी रोजचे तीन तास ही मर्यादा कसली, ती तर मोकळीकच झाली. दिवसाला ७,००० रुपयांबद्दल तर बोलायलाच नको. कंपनीने घालून दिलेल्या आकड्यावर घर चालवू नका. तुमच्या घरचा आकडा तुम्ही ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मुलाला थांबवायचं कसं.

त्यासाठी एकदा शेजारी बसून एक अख्खी मॅच पाहा. शंभर खेळाडू विमानातून पॅराशूटने उतरतात. हातात काही नसतं, रिकाम्या घरांतून बंदूक, गोळ्या, चिलखत, मलमपट्टी शोधावी लागते. नकाशावरचं सुरक्षित वर्तुळ हळूहळू आक्रसत जातं आणि बाहेर राहणारा मरतो. चौघांचा स्क्वॉड असतो. एक पडला तर दुसरा जाऊन त्याला उठवतो. मोठ्या नकाशावर हे सगळं अर्धा तास चालतं आणि मध्ये थांबवायची सोय नसते. शेवटच्या दहा जणांत मूल असताना त्याचा श्वाससुद्धा बदललेला तुम्हाला जाणवेल. नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून हाक येते.

"बंद कर आता, ताट वाढलंय."

"आई, पाचच मिनिटं. मॅच चालू आहे."

"रोजचंच आहे तुझं! आण तो फोन इकडे."

मूल खोटं बोलत नसतं. त्याची मॅच खरंच चालू असते, आणि ते उठलं तर उरलेले तिघं त्याच्या नावाने खडे फोडतात, उद्या शाळेत ऐकवतात, गुण कापले जातात ते वेगळंच. त्या क्षणी फोन हिसकावला की जो उद्रेक होतो तो पाहून आईबाप म्हणतात, बघा, गेममुळे किती हिंसक झालाय. त्यातला बराचसा उद्रेक हिसकावण्याचा असतो.

म्हणून मिनिटं मोजू नका, मॅच मोजा. 'अर्धा तास खेळ' असं सांगण्याऐवजी 'दोन मॅच, आणि दुसरी साडेसातच्या आत सुरू झाली पाहिजे' असं सांगा. नवी मॅच लागण्याआधी मूल लॉबीत असतं, बोलायची वेळ ती. जेवणाची वेळ आधी कळू द्या. ठरलेली मॅच संपल्यावरही फोन खाली ठेवला नाही, तर दुसऱ्या दिवशीची एक मॅच कमी, हेही आधीच, शांत डोक्याने ठरलेलं असू द्या. आणि ठरलेलं बाबांनीही पाळायचं. आईने नाही म्हटलं की बाबांकडून परवानगी मिळते, किंवा आजी-आजोबा लाडाने स्वतःचा फोन देतात, अशा घरात कुठलाच नियम चार दिवस टिकत नाही. मुलाचा संयम सुटला तर त्या वेळी वाद घालू नका, धाकटं भावंड जवळ असेल तर त्याला बाजूला न्या, आणि बोलणं दुसऱ्या दिवशी करा.

रात्रीचा नियम मात्र कडकच हवा. शाळकरी मुलाला नऊ-दहा तास झोप लागते, दहावीच्या मुलालाही किमान आठ. रात्री दोनपर्यंत रँक वाढवत बसलेलं मूल सकाळी दप्तर फेकतं, बहिणीवर खेकसतं, वर्गात पेंगतं. या आक्रमकपणाचं मूळ बंदुकीत शोधत बसू नका, आधी आठ दिवस त्याला पुरेसं झोपू द्या आणि मग वागणं पाहा. घरातले सगळे फोन, तुमचा धरून, रात्री दहाला बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागले पाहिजेत. गजरासाठी फोन हवा असं मूल म्हणेल. त्याला साधं गजराचं घड्याळ आणून द्या. पूजेची सुट्टी लागली की इथली बरीच मुलं कालीपूजा, भाऊबीज होईपर्यंत मोकळी असतात. वेळापत्रक बिघडतं ते त्याच दिवसांत, आणि शाळा उघडल्यावर ते रुळावर आणताना सगळं घर मेटाकुटीला येतं. सुट्टीत मॅच वाढवून द्या, झोपेची वेळ फार पुढे ढकलू नका.

खेळताना हेडफोनही काही दिवस बाजूला ठेवायला सांगा. स्पीकरवर खेळू द्या. तुम्हाला कळेल की कानावर गोळ्यांपेक्षा शिव्याच जास्त पडतात, तेही पंचविशीतल्या अनोळखी माणसांच्या तोंडून. बारा वर्षांचं मूल रोज तासभर ती भाषा ऐकत असेल तर ती त्याच्या तोंडी येणारच. व्हॉइस चॅट फक्त स्वतःच्या स्क्वॉडपुरतं ठेवता येतं, पूर्ण बंदही करता येतं. सेटिंग मुलाकडूनच करून घ्या, त्याला ते तुमच्यापेक्षा लवकर जमतं. गेममध्ये भेटलेल्या कुणी फोटो, पत्ता, शाळेचं नाव मागितलं, फुकट स्किन, म्हणजे गेममधले कपडे किंवा बंदुकीचे रंग, देतो म्हणाला किंवा दुसऱ्या अ‍ॅपवर बोलायला बोलावलं, तर ते घरी सांगितल्यावर फोन काढून घेतला जाणार नाही, असं वचन मुलाला द्या. सांगितलं तर फोन जाईल या भीतीने मुलं गप्प बसतात, आणि गैरफायदा घेणारा नेमका त्यावरच टपलेला असतो.

पैशाकडे आपलं लक्ष सगळ्यात उशिरा जातं. बीजीएमआयमध्ये 'यूसी', फ्री फायर मॅक्समध्ये 'डायमंड' विकत घेऊन कपडे, बंदुकीचे रंग, नाचाच्या लकबी घेता येतात. दोन वर्षं खेळून, पैसे घालून सजवलेलं खातं मुलाच्या लेखी मालमत्ता असते. मित्रांत ते उसनं दिलं-घेतलं जातं, त्यावरून रुसवेफुगवे होतात, आणि फराक्क्याची बातमी सांगते की गोष्ट कुठवर जाऊ शकते. मुलाला विचारा: तुझ्या खात्याचा पासवर्ड आणखी कुणाकडे आहे? कुणाचा तुझ्याकडे आहे? पहिल्याचं उत्तर 'कुणाकडेच नाही' आणि दुसऱ्याचं 'कुणाचाच नाही' असंच असायला हवं. नसेल तर त्याच दिवशी पासवर्ड बदला. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करा, यूपीआयचा पिन मुलाला कळू देऊ नका, आणि महिन्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट डोळ्यांखालून घाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. स्किन आणि डायमंडची खरेदी हा वेगळा प्रकार आहे, त्याची राखण घरातच करावी लागते. फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा.

कोलकात्यात नव्याने आलेल्या मराठी मुलांविषयी मला थोडं अधिक सांगायचं आहे. वडिलांची बदली होते, किंवा गलाईच्या दुकानात भागीदारी मिळते, आणि सहावी-सातवीतलं पोर विट्याहून नाहीतर पुण्याहून उचलून इथे आणलं जातं. शाळेत बंगाली कानावर पडते, ती येत नाही. मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घेत नाही. संध्याकाळी मात्र गेम उघडला की गावचा मामेभाऊ, जुन्या वर्गातले दोघं लॉबीत हजर असतात, आणि दिवसभरात पहिल्यांदा ते पोर आपल्या वयाच्या कुणाशी तरी मराठीत बोलतं. शेजारून पाहणाऱ्याला बंदूक दिसते, पण ते पोर तिथे मित्रांना भेटायला गेलेलं असतं. ती लॉबी बंद करून टाकली तर त्याचे उरलेसुरले मित्रही जातील.

अशा मुलासाठी गावच्या स्क्वॉडचे दोन ठरलेले दिवस ठेवा, आणि इथे त्याचे पाय रोवायला मदत करा. कोलकात्यात गल्लोगल्ली क्लब आहेत. तिथे कॅरम असतो, फुटबॉल असतो, थंडीत तर गल्लीतच दिवे टांगून बॅडमिंटनचं जाळं लावतात. बंगाली येत नसलं तरी कॅरमच्या सोंगट्या खेळता येतात. पहिले काही दिवस तुम्ही बरोबर जा, क्लबातल्या दादांशी ओळख करून द्या. मूल एकटं जाणार नाही. फुटबॉलमध्ये मोहन बागान की ईस्ट बंगाल, हे एकदा त्याने ठरवलं की वर्गात बोलायला विषयही मिळतो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना त्याला प्रेक्षक म्हणून नेऊ नका, त्याच्याकडे काहीतरी काम द्या.

लहान मुलांचं गणित वेगळं आहे. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवेच्या बाहुल्याला बडवायला लावलं. नंतर मुलांनी तसंच्या तसं बडवलं. १९६३ मध्ये समोर माणसाऐवजी चित्रफीत ठेवली, तरी मुलांनी नक्कल केली. त्यामुळे सात-आठ वर्षांखालच्या मुलाच्या हाती मारधाडीचा गेम देऊच नये, आणि दादा खेळत असताना धाकट्याला मांडीवर बसू देऊ नये. थोड्या मोठ्या मुलांसाठी डाउनलोड करण्यापूर्वी वयाचा आकडा पाहा. जीटीए ५ ला युरोपात १८ आणि अमेरिकेत १७ वर्षांवरचा शिक्का आहे, आणि तरीही पाचवीतली मुलं तो खेळताना दिसतात. अशा गेमला सरळ नाही म्हणा. कारणही सांगा. त्यात फक्त लढाई नाही, बायकांची आणि गुन्हेगारीची जी चित्रं आहेत ती समजून घ्यायचं त्याचं वय नाही. बंडुरांच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला पालकांना कळकळीने सांगावीशी वाटते. पहिल्या खेपेला मुलांनी नक्कल केली ती खोलीत समोर असलेल्या मोठ्या माणसाची. रागाच्या भरात मुलाचा फोन भिंतीवर आपटणारे वडील मुलाला जे शिकवतात, ते कुठलाही गेम इतक्या लवकर शिकवू शकत नाही.

अफवांनाही बळी पडू नका. २०१७ मध्ये 'ब्लू व्हेल' नावाच्या 'जीवघेण्या' गेमच्या बातम्यांनी बंगालसह सगळा देश हादरला होता, २०१८ मध्ये तसाच 'मोमो' आला आणि राज्याच्या सीआयडीला पालकांसाठी सूचना काढाव्या लागल्या. ब्लू व्हेलबद्दल चौकशी झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाचे गृह राज्यमंत्री, आपल्या चंद्रपूरचे हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या एकाही घटनेत त्या गेमचा हात सिद्ध झाला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या 'जीवघेण्या गेम'चा संदेश आला की तो पुढे ढकलू नका. मुलाला विचारा, तुमच्या वर्गात याबद्दल काय बोलतात? बहुतेक वेळा मुलालाच जास्त नेमकं माहीत असतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं? जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची नोंद आजारांच्या यादीत केली आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला अधिक महत्त्व येणं, नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहणं, आणि हे साधारण वर्षभर, इतकं असेल तर तो विकार धरतात. दोन महिने पोर नादावलं म्हणून त्याला व्यसनी ठरवू नका. पण काही गोष्टींसाठी वर्षभर थांबायचं नसतं. मूल धाकट्या भावंडाला किंवा मुक्या जनावराला मुद्दाम इजा करत असेल, घरात चोरी करत असेल, शाळेत जायलाच तयार नसेल, जेवण-आंघोळ सुटली असेल, किंवा मरण्याविषयी बोलत असेल, तर त्याच आठवड्यात मदत घ्या. बरेचदा मागे वेगळंच काही निघतं: शाळेतला छळ, नैराश्य, लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास. गेम ही त्यावर मुलाने शोधलेली पळवाट असते.

कोलकात्यातलं एसएसकेएम, म्हणजे लोकांच्या तोंडी पीजी हॉस्पिटल, त्याच्याशी जोडलेली इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री भवानीपूर भागात आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून मोबाइल-गेमच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं. घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि फुकट मिळते. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ हा मुलांचा क्रमांक आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभराची नोंद करा: किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, किती मॅच खेळलं, कशावरून भांडण झालं. नेताना 'तुझं खूळ काढायला नेतोय' असं म्हणू नका. 'तुला झोप लागत नाही, तू सारखा चिडतोस, त्यासाठी जाऊ' असं सांगा. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा, त्याला एकट्याला बोलू द्या.